आजीच्या पिशवीतल्या गोळ्या

गेल्या वर्षावासातली गोष्ट. पौर्णिमा होती. विहारात संध्याकाळची वंदना झाली, सगळे उठू लागले, पण भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी काही उठेनात. वय सत्तरीच्या पुढे. पांढरं पातळ घामानं ओलं झालेलं, हात थरथरताहेत, नजर कुठंतरी भलतीकडेच. सून हाका मारतेय, तर आजी तिलाच विचारतायत, "तू कोणाची गं?"

एकच गडबड उडाली. कोणी म्हणालं, उन्हाचा त्रास असेल. कोणी म्हणालं, उपवासाची चक्कर आहे, पाणी पाजा. एकानं शेजारच्या दुकानातून सरबत आणलं, तर दुसऱ्यानं त्याचा हात धरला, "अरे, शुगरच्या पेशंट आहेत त्या. गोड देऊ नको, मरतील!"

गर्दीत वस्तीतलीच एक मुलगी होती. डी. फार्म. झालेली, स्टेशनजवळच्या मेडिकलवर नोकरीला. ती पुढं आली आणि सुनेला तीनच प्रश्न विचारले. आजींनी शेवटचं कधी खाल्लं? गोळी घेतली का? किती वाजता?

सून म्हणाली, "आज अष्टशील घेतलंय त्यांनी. बाराच्या आत थोडा भात खाल्ला, तेवढाच. गोळी मात्र चुकवली नाही. सकाळची घेतली, आता सहाची पण घेतली. औषधात खाडा नको म्हणाल्या."

मुलीनं ते सरबत घेतलं, त्यात आणखी तीन चमचे साखर घातली, आजी गिळू शकतायत याची खात्री केली आणि घोटघोट पाजलं. पंधरा मिनिटांत आजींनी सुनेला नावानं हाक मारली. तरी ती मुलगी म्हणाली, "घरी नाही न्यायचं. दवाखान्यात न्यायचं. गोळीनं उतरलेली साखर रात्री पुन्हा उतरू शकते." आजींना ती रात्र पालिकेच्या रुग्णालयात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या.

त्या संध्याकाळी ती मुलगी विहारात नसती तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही. सरबत अडवणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण त्याचं चांगलं मन आजींच्या जिवावर बेतलं असतं.

पिशवी उघडली तेव्हा

चार दिवसांनी ती मुलगी आजींच्या घरी गेली. म्हणाली, "आजी, तुमच्या सगळ्या गोळ्या इथं चटईवर ओता."

आजींची औषधं एका जुन्या कापडी पिशवीत होती. ती उपडी केली तर ढीग झाला. पालिकेच्या दवाखान्यातली पट्टी, खासगी डॉक्टरनं लिहिलेली पट्टी, गुडघेदुखीची गोळी, रक्तदाबाच्या दोन, पित्ताची एक, आणि ओळखीच्या कोणी तरी दिलेली बिननावाची एक पुडी. काही पट्ट्या अशा कापलेल्या की नावही नाही आणि मुदतीची तारीखही नाही.

मुलीनं पट्ट्यांवरची बारीक अक्षरं वाचली. पालिकेची पट्टी आणि खासगी डॉक्टरची पट्टी, दोन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. आत औषध मात्र एकच, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आजी दोन्हीकडून औषध आणत होत्या आणि दोन्ही घेत होत्या. एका डॉक्टरला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. आजींनी लपवलं नव्हतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे आजी कित्येक महिने साखरेची गोळी दुप्पट घेत होत्या. रोज पोटभर भाकरी खात होत्या म्हणून निभावत होतं. तरी पहाटे घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, दुपारी अंग गळून जायचं. "म्हातारपण आहे," असं त्या म्हणायच्या आणि घरचेही तेच म्हणायचे. पडायच्या भीतीनं त्यांनी रविवारी विहारात येणं कमी केलं होतं. पौर्णिमेला शील घेतलं, जेवण सुटलं आणि दुप्पट गोळीनं घात केला.

मुलीनं औषध बदललं नाही. तो तिचा अधिकार नाही आणि तिनं तो घेतलाही नाही. तिनं एका कागदावर सगळ्या गोळ्यांची यादी केली, कोणती कुठून आणली ते लिहिलं, एकच औषध दोनदा आहे तिथं लाल खूण केली आणि सुनेला म्हणाली, "हा कागद घेऊन डॉक्टरकडे जा." डॉक्टरांनी एक पट्टी बंद केली, दुसरीचा डोस कमी केला आणि गुडघ्याची गोळी थांबवली, कारण ती मूत्रपिंडाला जड जात होती. बिननावाची पुडी फेकून द्यायला लावली.

आज त्या आजी दर रविवारी विहारात येतात. पहाटेचा घाम गेला. जीवनमान सुधारलं असं पुस्तकात लिहितात, ते याहून वेगळं काही नसतं. रिपोर्टवरचा आकडा हा त्यातला एक भाग झाला. रात्री झोप लागते का, चार पावलं न घाबरता टाकता येतात का, सुनेवर ओझं झालोय असं वाटतं का, महिन्याच्या औषधाला पैसे पुरतात का, हे सगळं मिळून म्हाताऱ्या माणसाचं जगणं होतं.

बाबासाहेबांचा आजार आणि आपला

मधुमेह हा आपल्याला परका आजार नाही. बाबासाहेबांनाही तो होता. संविधानाचं काम चालू असतानाच्या वर्षांत त्यांचे पाय दुखायचे, रात्र-रात्र झोप लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच माईसाहेब. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्यांचं इन्सुलिन, त्यांचं पथ्य, त्यांच्या जेवणाच्या वेळा हे सगळं माईसाहेब पाहत. शरीर असं पोखरलेलं असताना बाबासाहेबांनी संविधान पूर्णत्वाला नेलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला धम्म दिला.

बाबासाहेबांच्या घरात डॉक्टर होती. आपल्या वस्तीतल्या घरात डॉक्टर नसते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरसमोर रांग इतकी की दोन मिनिटांच्या वर बोलायला मिळत नाही. पण गल्लीच्या तोंडावर मेडिकल असतं आणि सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागे फार्मासिस्ट असतो. महिन्यातून एकदा तरी आपण त्याच्यासमोर उभे राहतोच. त्या उभं राहण्याचा आपण उपयोग करून घेत नाही.

२०२३ साली आयसीएमआरनं देशभराच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. इतक्यांना दर महिन्याला डॉक्टरची अर्धा तास भेट मिळणं शक्य नाही. म्हणूनच जगभर फार्मासिस्टच्या मदतीकडे लक्ष गेलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अ‍ॅशव्हिल शहरात १९९० च्या दशकात पालिकेच्या मधुमेही कामगारांना फार्मासिस्टला नियमित भेटायची सोय करून दिली. त्यांची साखर आटोक्यात आली. आपल्याकडे केरळातल्या कालिकतमध्ये साध्या मेडिकल दुकानांतून मधुमेहींना नीट समजावून सांगितलं गेलं, तेव्हा त्यांची साखरही उतरली आणि जगणंही सुधारलं. २००७ साली तो अभ्यास छापून आला. तिथं वेगळं यंत्र नव्हतं की महागडं औषध नव्हतं. कोणी तरी बसून विचारलं, ऐकलं आणि सांगितलं, एवढंच.

हा उपकार नाही, हक्क आहे

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असला पाहिजे हा कायदा आहे. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. २०१५ साली फार्मसी कौन्सिलनं नियम केले, त्यात रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलं आहे. दुकानात भिंतीवर त्याचं नाव आणि नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. ते बघा.

वस्तुस्थिती आपल्याला माहीत आहे. पुष्कळ दुकानांत प्रमाणपत्र एकाचं आणि गल्ल्यावर उभा पोरगा दुसराच. म्हातारं माणूस काही विचारायला लागलं की "पुढं चला, मागं गिऱ्हाईक आहे." कपडे बघून, वस्तीचं नाव ऐकून बोलण्याचा सूर बदलतो, हेही आपण अनुभवलंय. आपली बाई मग गप्प बसते, पिशवी घेते आणि निघते. इथं गप्प बसू नका. "फार्मासिस्ट कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय," हे वाक्य पाठ करा. नीट बोलणारा फार्मासिस्ट सापडला की महिन्याची सगळी औषधं शक्यतो त्याच एका ठिकाणाहून घ्या. तुमच्या सगळ्या गोळ्या एका माणसाच्या नजरेखालून गेल्या की दुहेरी औषध लगेच पकडलं जातं.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस कमी-जास्त करणं हे डॉक्टरचं काम. चिठ्ठीशिवाय साखरेची नवी गोळी देणारा दुकानदार तुमचा मित्र नाही.

काय विचारायचं?

१. ही गोळी कशासाठी आहे? माझ्या दुसऱ्या कुठल्या गोळीत हेच औषध आहे का?

२. जेवणाआधी घ्यायची, जेवणासोबत की जेवणानंतर? मेटफॉर्मिन जेवणासोबत घेतली की मळमळ, जुलाब कमी होतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन मग जेवण टाळलं तर साखर धोक्याइतकी उतरते.

३. एक वेळ चुकली तर काय करायचं? चुकलेली भरून काढायला दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका.

४. ताप, उलट्या, जुलाब झाले आणि जेवण जात नसेल तर कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही? हे आजारी पडण्याआधी विचारून, लिहून ठेवायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनानं पूर्ण बंद करू नये.

५. अंगदुखीची गोळी मला चालेल का? डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास होतो. मधुमेहात मूत्रपिंड आधीच धोक्यात असतं.

६. रात्री लघवीला सारखं उठावं लागतं, ते औषधामुळे का? वस्तीत सार्वजनिक संडासापर्यंत अंधारात जावं लागतं, म्हणून आपले म्हातारे संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. ते वाईट. साखर वाढली तरी लघवी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या साखरेच्या गोळीनंही वाढते. यातली गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे विचारा. लघवीच्या जागी खाज, जळजळ असेल तर लाजू नका, सांगा. ती औषधामुळेही असू शकते.

७. याच औषधाची स्वस्त पट्टी आहे का? औषध तेच, नाव वेगळं, किंमत कितीतरी कमी, असं पुष्कळदा असतं. जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवा. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन यांची चौकशी करा. पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी घेणं हा मार्ग नव्हे. त्यानं औषधही वाया जातं आणि माणूसही.

आणि पट्टी कापून देत असतील तर म्हणा, नाव आणि मुदत असलेला भाग माझ्याकडे द्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी जिवाभावाचं

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणून घरातली जुनी लाल टोपणाची सिरिंज वापरली, तर २० च्या खुणेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट भरतं. अडीचपट. माणूस बेशुद्ध होतो. उलट झालं तर डोस फारच कमी पडतो आणि साखर चढत जाते. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही एकदम फार्मासिस्टच्या हातात द्या आणि विचारा, "ह्यांची जोडी बरोबर आहे ना?"

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळवून वापरू नये. वापरात असलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस बाटलीसोबतच्या कागदावर असतात. पण पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये थंड जागा कुठून आणायची? घरात फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवा आणि वाळू रोज ओली करा. बाटली पाण्यात बुडवायची नाही. चुलीजवळ, खिडकीच्या उन्हात, टीव्हीवर बाटली ठेवू नका. नेहमीचा डोस घेऊनही साखर चढतच असेल तर बाटली उष्णतेनं खराब झाली असण्याची शंका घ्या.

सुई टोचायची जागा रोज थोडी बदला. एकाच जागी टोचून गाठ आली तर तिथं औषध नीट शोषलं जात नाही.

साखर उतरली हे कसं ओळखायचं?

घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड, अडखळत बोलणं, माणसं न ओळखणं. म्हाताऱ्या माणसात कधी घाम-थरथर काहीच नसतं, नुसतं विसरल्यासारखं वागतात किंवा पडतात. यंत्रावर ७० च्या खाली आकडा आला की साखर उतरली. यंत्र नसेल तरी थांबू नका. शंका आली की गोड द्या. थोडा वेळ साखर वाढली तर त्यानं लगेच जीव जात नाही, फार उतरली तर जातो.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटं थांबा. बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की भाकरी, पोळी, काही तरी खायला द्या. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही औषधं साखर पोटात फुटूच देत नाहीत. त्यांनी ग्लुकोजची पावडर जवळ ठेवावी. आपल्या गोळीत ते आहे का, हा फार्मासिस्टला विचारायचा आणखी एक प्रश्न.

माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

डॉक्टरांना हेही विचारा की आमच्या वयाला साखर किती चालेल. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी तरुणासाठी सातच्या खाली हवी म्हणतात. पण वय झालेल्या, इतर आजार असलेल्या, वारंवार साखर उतरणाऱ्या माणसाला आठच्या आसपासही डॉक्टर समाधान मानतात. आकडा खाली आणायच्या नादात आजीला पाडायचं नसतं.

शील, प्रवास आणि औषध

पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या उपासक-उपासिकांना एक विनंती. विकालभोजन वर्ज्य करायचं असेल आणि तुम्ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर आठ दिवस आधी डॉक्टरला विचारा. डोस बदलावा लागेल. डॉक्टर नको म्हणाले तर पंचशील आहेच, ते कुणापासून हिरावलं जात नाही. आणि शील घेतल्यावर साखर उतरली तर गूळपाणी घ्यायला क्षणभरही थांबू नका. विनयातच पाहा. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं आजारी भिक्खूनं दुपारनंतरही घ्यावीत, अशी मोकळीक खुद्द भगवंतांनी दिली आहे. शरीराला पीडा देण्याचा मार्ग त्यांनी स्वतः सोडून दिला होता. आपण तो पुन्हा का धरायचा?

६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघताना औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही. दोन दिवसांची जास्त घ्या. खिशात ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, आणि एका चिठ्ठीवर नाव, आजार, गोळ्या आणि घरचा फोन नंबर. रांगेत तास-तास जातात, जेवणाची वेळ टळू देऊ नका. अनवाणी चालू नका. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर तळपाय कोणाकडून तरी बघून घ्या. खीर आणि लाडूचं दान प्रेमानं येतं. एक घास घ्या, बाकी नातवाला द्या.

"मधुमेह मुळापासून बरा" अशा जाहिरातींपासून सावध राहा. अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कित्येक पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड असतं. त्यानं गुडघे चार दिवस बरे वाटतात आणि साखर भडकते. ऐकीव गोष्ट पारखून मगच स्वीकारायची हे आपल्याला धम्मानं शिकवलंय. औषधालाही तोच नियम लावा.

विहारात काय करता येईल?

महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. अतिसारानं घाणीत पडलेल्या त्या भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हतं. भगवंतांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हातानं धुतलं, पुसलं, खाटेवर निजवलं. मग भिक्खूंना सांगितलं की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. त्याच जागी चांगल्या रुग्णाचे आणि चांगल्या सेवकाचे गुण सांगितले आहेत. रुग्णानं पथ्य जाणावं, त्यातही प्रमाण राखावं, औषध घ्यावं, आणि आजार जसा आहे तसा सांगावा. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला. सेवकाला औषध तयार करता यावं, काय चालतं काय चालत नाही हे कळावं, किळस नसावी, आणि त्यानं लोभानं नव्हे तर मैत्रीनं सेवा करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या चांगल्या फार्मासिस्टला नेमकं लागू पडतं.

आपल्या समाजात आज डी. फार्म., बी. फार्म. झालेली मुलं-मुली घरोघर आहेत. शिष्यवृत्तीवर शिकलेली, आपल्याच वस्तीत वाढलेली. विहार समितीनं त्यांना बोलवावं. महिन्यातला एक रविवार ठरवावा. वंदनेनंतर एक तास. प्रत्येक ज्येष्ठानं आपली औषधाची पिशवी घेऊन यावं आणि चटईवर ओतावी. मुदत संपलेलं वेगळं काढायचं, एकच औषध दोनदा असेल तर खूण करायची, एका कागदावर यादी करायची आणि तो कागद डॉक्टरला दाखवायला द्यायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या डब्यांवर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढायचा. विहाराच्या कपाटात ग्लुकोजचा एक पुडा आणि साखरेचं यंत्र ठेवायचं. याला खर्च नाममात्र आहे.

आमच्या विहारात हे सुरू झालंय. पहिल्या रविवारी सगळ्यात आधी कोण आलं असेल? त्याच आजी. पिशवी आता हलकी झाली आहे. त्यांनी ती चटईवर ओतली, शेजारच्या बाबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लाजू नका, ओता. मी लाजले नसते तर त्या दिवशी एवढा गोंधळ झाला नसता."

जयभीम!